कॉम्प्युटर चालू होता होता निळा पडून राहिला? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून पाहा

पीकविम्याच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली, दुकानापुढे लोक सातबारा अन् पासबुक घेऊन उभे, आणि नेमका त्याच सकाळी कॉम्प्युटर चालू होता होता निळा पडते, असं आपल्याकडे दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतेच. सेतूवाला असो, कृषी केंद्रवाला असो, नाहीतर पोट्ट्यांच्या अभ्यासासाठी घेतलेलं सेकंडहँड मशीन असो, पहिला सल्ला ठरलेला असते, "फॉरमॅट मारून टाक ना भाऊ". मी तालुक्याच्या गावी हेच रिपेरिंगचं काम करतो आणि माझं म्हणणं सरळ आहे, चालू होतानाच्या एररवर फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं, हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. माझ्याकडे येणाऱ्या मशीनींमध्ये विंडोज बिघडलेली कमी आणि लाइट, धूळ, रॅम (चालू कामाची मेमरी) नाहीतर हार्डडिस्कनं मान टाकलेली जास्त. रॅम खराब असताना फॉरमॅट मारला तर आठ दिवसांत परत तेच, वरून टॅलीचा डेटा गेला तो गेलाच.

तर आधी हे पाहा की गाडी नेमकी कुठं अडून राहिली. लोक फोन करतात तेव्हा बोलणं साधारण असं होते:

"दादा, कॉम्प्युटर चालूच नाही होऊन राहिला."
"चालूच नाही होत का चालू होऊन बंद पडते?"
"होते ना, पंखा फिरते, मग निळं येते."
"निळ्यावर काय लिहून येते?"
"ते वाचेपर्यंत जाते ना बाप्पा!"

बटण दाबलं अन् काहीच नाही, लाइट नाही पंखा नाही, तर मामला करंटचा, विंडोजचा काही संबंध नाही. पंखा फिरते पण स्क्रीन काळीच राहते किंवा टूंऽ टूंऽ आवाज येते, तर बहुतेक वेळा रॅम. कंपनीचा लोगो येऊन तिथंच अडकते, तर एखादं जोडलेलं सामान, हार्डडिस्क नाहीतर बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डातला छोटा प्रोग्राम). काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात "रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" असं काही येते, तर मशीनला डिस्कच सापडून नाही राहिली, किंवा सापडली पण त्यात विंडोज दिसत नाही. गोल गोल ठिपके फिरतात आणि मग निळं पडते, तर ड्रायव्हर (एकेक सामान चालवणारा छोटा प्रोग्राम), अपडेट, डिस्क, रॅम यातलं काहीही असू शकते, इथंच खरी मेहनत आहे. आणि डेस्कटॉप येऊन पाच-दहा मिनिटांनी पडत असेल तर आधी गरम होऊन राहिलं का ते पाहा.

निळं म्हणतो खरं, पण विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर ही स्क्रीन काळी झाली, त्यामुळे काळ्यावर पांढरी अक्षरं दिसली अन् खाली स्टॉप कोड म्हणजे एररचं नाव लिहिलेलं असलं तर तोच प्रकार समजा. तो कोड हातात पाहिजे. वाचायला वेळ मिळत नसेल तर मोबाइलचा व्हिडिओ चालू करून स्क्रीनसमोर धरा, मग आरामात थांबवून वाचा, यापेक्षा सोपी युक्ती नाही. स्क्रीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून फार काही हाती लागत नाही, तो सगळ्यांना एकाच सर्वसाधारण पानावर नेते, खालचं मोठ्या अक्षरातलं इंग्रजी नाव कामाचं, आणि कधीकधी त्याखाली एखाद्या फाइलचं नाव असते ते तर सोनं आहे, ते पण लिहून घ्या.

आता पहिलं काम, आणि याला पैसा लागत नाही. मशीन बंद करा, मागून पुढून जे जे टोचलेलं आहे ते सगळं काढा. थंबचं मशीन, प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, कार्ड रीडर, जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, डिजिटल सहीचं टोकन, सगळं. फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माउस ठेवा. मग मेन प्लग काढून (लॅपटॉप असला तर चार्जर काढून, बॅटरी निघणारी असली तर ती पण काढून) पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, साचलेला करंट निघून जाते, आणि मग परत लावून चालू करा. पेनड्राइव्ह लावून राहिला म्हणून मशीन त्याच्यातच विंडोज शोधत बसते अन् "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" म्हणते, हे सेतू केंद्रात इतकं होते की मी फोनवर नाव-गाव विचारायच्या आधी पेनड्राइव्ह काढायला सांगतो. थंब मशीनचं पण तसंच आहे, ते काढल्यावर चालू झालं तर बिघाड त्याच्या ड्रायव्हरात किंवा त्या यूएसबीच्या खाचेत, बाकी कॉम्प्युटरला काही झालेलं नाही.

मग लाइट. हे आपल्या इकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष केलेलं कारण. संध्याकाळी वावरातल्या मोटरी चालू झाल्या की गावातलं व्होल्टेज कुठल्या कुठं जाते, आणि रात्री मोटरी बंद झाल्या की उलट चढते. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला करंट पुरवणारा मागचा तो पंखावाला लोखंडी डबा हे सगळं झेलत असते, आणि दोन-चार वर्षांत त्याच्यातली ताकद कमी होते. कमजोर एसएमपीएसचं म्हणजे एक फेज गेलेल्या मोटरीसारखं आहे, आवाज करते, चालू असल्यासारखं वाटते, पण लोड आला की उठत नाही. चालू होताना हार्डडिस्क फिरायला लागते, प्रोसेसर जोर लावते, त्या क्षणी बारा व्होल्टचा करंट कमी पडला की मशीन तिथंच रिस्टार्ट मारते किंवा निळी पडते. ओळखायची खूण अशी की एरर दरवेळी वेगवेगळी येते, सकाळी एक, दुपारी दुसरी, आणि शेजारची पिठाची गिरणी नाहीतर फ्रिज चालू झाला की कॉम्प्युटर हमखास रिस्टार्ट होते. मल्टिमीटर वापरता येत असेल तर मशीन चालू असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ च्या मधात, लालवर ५ च्या आसपास, नारिंगीवर ३.३ च्या आसपास पाहिजे. नसेल येत तर शेजाऱ्याचा चालू एसएमपीएस लावून पाहा. पण तो डबा उघडायच्या भानगडीत पडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका करंट राहते. आणि जुन्या डब्यांवर मागे ११५ अन् २३० लिहिलेलं छोटं लाल बटण असते, ते २३० वरच पाहिजे, लहान पोट्ट्यांचा हात तिथं पोचू देऊ नका, ११५ वर करून लाइट लावली की डबा ठाककन उडते.

यूपीएस आहे म्हणून बिनधास्त राहू नका. त्याच्यातली बारा व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, मग लाइट जाताना यूपीएस नुसती शिट्टी वाजवते अन् कॉम्प्युटर बंद. अपडेट चालू असताना असं झालं की दुसऱ्या दिवशी निळी स्क्रीन ठरलेली. तपासायचं असेल तर कॉम्प्युटरच्या जागी शंभर वॅटचा बल्ब लावा, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा, दोन-चार मिनिटं टिकला तर ठीक. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, ते आधी करून घ्या, आणि अर्थिंगचा खड्डा असला तरी उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा, आपली काळी माती मे महिन्यात भेगाळली की अर्थिंग असून नसल्यासारखी होते.

आता कॅबिनेट उघडू. प्लग काढा, एका बाजूचं झाकण दोन स्क्रू काढून सरकवा, आणि आत हात घालायच्या आधी लोखंडी पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातला स्टॅटिक निघून जाते. जिनिंगच्या आसपासच्या दुकानातलं मशीन उघडलं की प्रोसेसरचा पंखा वरून बरा दिसते, पण पंख्याचे स्क्रू काढून उचलला की खाली हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) जाळीवर कापसाच्या तंतूंचा जाड थर बसलेला असते, बोटानं एका बाजूनं उचलला की अख्खा पापुद्रा निघून येते. हवा आतच जात नाही मग प्रोसेसर तापून बंद पडणार नाही तर काय करणार, वरून आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन अन् टिनाचं छत. थर काढा, ब्लोअर मारा, पण ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, जोरात फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारणारे पाहिले मी, त्या पाइपात पाणी असते, ते बोर्डावर उडते, ते नका करू. हीटसिंक काढलाच असेल तर जुनी पेस्ट पुसून नवीन थर्मल पेस्ट लावल्याशिवाय बसवायचा नाही.

त्याच वेळी आत नीट पाहा. पावसाळ्यात एसएमपीएसच्या उबेला पाल जाऊन बसते अन् तिथंच चिकटते, मुंग्यांचं वारूळ निघते, उंदरानं हार्डडिस्कची साटाची वायर कुरतडलेली असते. मागच्या स्लॉटच्या रिकाम्या पट्ट्या काढून ठेवलेल्या असतात त्याचा हा प्रताप, त्या जागी पत्र्याची पट्टी लावून स्क्रू मारा. मदरबोर्डावर छोटे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर असतात, त्यांचं वरचं तोंड सपाट पाहिजे, एखादं फुगलेलं किंवा त्यातून तपकिरी काही गळलेलं दिसलं तर बोर्ड दुकानात न्या, घरी काही होणार नाही.

रॅम. दोन्ही बाजूच्या क्लिपा बाहेर दाबा, पट्टी निघते. खालच्या सोनेरी दातांवर साधा पांढरा खोडरबर दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं फिरवा, कचरा कोरड्या कापडानं झटका, दातांना बोट लावू नका, आणि परत बसवताना दोन्हीकडून टक् असा आवाज येऊन क्लिपा आपोआप बंद झाल्या पाहिजेत. दमट दिवसांत हे दात काळवंडतात म्हणून पावसाळ्यात ही तक्रार वाढते. दोन पट्ट्या असल्या तर एकच लावून चालू करा, मग दुसरी एकटी, मग खाच बदलून. कोणत्या पट्टीवर पडते ते समजलं की निम्मं काम झालं. स्टॉप कोडमध्ये "मेमरी मॅनेजमेंट" किंवा "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया" येत असेल तर हे आधी करा. पक्कं पाहायचं असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर टाकून आणा अन् निदान एक पूर्ण फेरी चालू द्या, लाल रंगात एक जरी एरर आली तरी ती पट्टी बाद, "एकच तर आहे" म्हणून ठेवू नका.

आता एक प्रकार जरा सविस्तर सांगतो कारण याच्यासाठी लोकांनी विनाकारण फॉरमॅट मारलेले मी लय पाहिले. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ आणि बायोसची सेटिंग ती जपते. लोडशेडिंगमध्ये रोज तासन्‌तास प्लगला करंट नसला की ती लवकर उतरते. सुरुवातीला काय होते, सकाळी कॉम्प्युटर लावला की तारीख पाच-दहा वर्षं मागची दाखवते, सातबाऱ्याची साइट उघडायला गेलं की ब्राउजर म्हणते तुमचं घड्याळ मागे आहे. आपण काय करतो, तारीख दुरुस्त करतो अन् कामाला लागतो. असं काही दिवस चालते. मग एका सकाळी मशीन निळी पडते, कोड येते "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस", जुन्या विंडोजमध्ये ०एक्स००००००७बी.

झालं असं की बॅटरी पूर्ण उतरली, बायोसनं सगळी सेटिंग कंपनीच्या मूळ हिशोबावर नेली, आणि त्यात साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदलला. विंडोज टाकताना तो एएचसीआय होता, आता आयडीई किंवा रेड झाला (किंवा उलट), मग विंडोज चालू होताना तिच्याजवळ त्या मोडचा ड्रायव्हर तयार नसते अन् स्वतःचीच डिस्क तिला दिसत नाही. डिस्क चांगली, विंडोज चांगली, डेटा जागेवर. उपाय म्हणजे नवीन बॅटरी बसवा, किराणा दुकानात पण मिळते, लिहिलेली बाजू वर. मग चालू करताना बायोसमध्ये जा, बहुतेक मशीनला डिलीट किंवा एफ२, काहींना एफ१० किंवा एफ१, चालू होताना खाली कोपऱ्यात लिहून येते. तिथं तारीख नीट करा, साटा मोड किंवा साटा कॉन्फिगरेशन असं शोधा, जे असेल ते आधी कागदावर लिहा आणि दुसरा पर्याय निवडून एफ१० नं सेव्ह करा. चालू झालं तर झालं. नाही झालं तर जे लिहिलेलं होतं त्यावर परत आणा. बाकी सेटिंगला हात लावायचा नाही, ओव्हरक्लॉक वगैरे तर अजिबात नाही. आणि चालू झाल्यावर तो मोड स्केचपेननं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचते.

एक सावधगिरी, नवीन लॅपटॉपवर बायोसमध्ये काही बदललं की बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी की मागू शकते. ती एरर नाही, कुलूप आहे. ज्या ईमेलनं लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मोबाइलवरून लॉगिन केलं तर ती की बहुतेक तिथं सापडते. ज्याला आपला तो ईमेलच आठवत नाही त्यानं आधी ते शोधून काढावं, मगच बायोसला हात लावावा, कारण ती की नसली तर आतला डेटा कोणीच काढून देऊ शकत नाही, मी पण नाही अन् नागपूरचा मोठा इंजिनिअर पण नाही.

सामान सगळं ठीक निघालं तर मग विंडोजकडे वळा. विंडोज १० किंवा ११ चालू होताना ठिपके फिरायला लागले की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी ती स्वतःच "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" म्हणून रिपेअरच्या निळ्या मेनूत जाते. (हार्डडिस्कमधून कट् कट् आवाज येत असेल तर हे करू नका, खाली डिस्कचं वाचा.) जुनी विंडोज ७ असेल तर लोगो यायच्या आधी एफ८ मारत राहा. मेनूत ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथं माझा क्रम असा, आधी स्टार्टअप रिपेअर, ते पंधरा-वीस मिनिटं खाते, निम्म्या वेळा "कुडन्ट रिपेअर" म्हणते, ठीक आहे, पुढं चला. काल-परवा अपडेट झालं असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्समध्ये जाऊन आधी क्वालिटी अपडेट काढा. मग सिस्टिम रिस्टोर, त्यात बिघडायच्या आधीची तारीख दिसली तर ती निवडा, याच्यानं तुमच्या फाइली जात नाहीत, फक्त नंतर टाकलेले प्रोग्राम अन् ड्रायव्हर निघून जातात.

याच मेनूत स्टार्टअप सेटिंग्ज आहे, त्यात रिस्टार्ट दाबलं की आकड्यांची यादी येते. ९ दाबलं तर एरर आल्यावर आपोआप रिस्टार्ट होत नाही, म्हणजे वाचायला वेळ मिळते. ४ दाबलं तर सेफ मोड, ५ दाबलं तर इंटरनेटसह सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उठते, त्यामुळे तिथं नीट चालू झाली म्हणजे समजा सामान धडधाकट आहे, भांडण नंतर टाकलेल्या कशाशी तरी आहे. मग आठवा शेवटी काय टाकलं. नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर? दुसरा अँटिव्हायरस? "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट" म्हणणारं फुकटचं सॉफ्टवेअर? हे शेवटचं तर मी दिसलं की काढून टाकतो, चुकीचे ड्रायव्हर टाकण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिस्प्लेचा ड्रायव्हर रोल बॅक करा म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या, दोनपैकी एक अँटिव्हायरस काढा, रिस्टार्ट करा.

अँटिव्हायरससारखी सॉफ्टवेअर विंडोजच्या एकदम आत शिरून काम करतात म्हणून त्यांची एक चुकीची फाइल आली की मशीन उठतच नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनी अशाच चालू होता होता पडल्या, विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहून द्यायची पाळी आली. आणि उपाय काय होता, सेफ मोडमध्ये किंवा रिपेअरच्या मेनूत जायचं अन् ती एक फाइल डिलीट करायची. एवढ्या मोठ्या मोठ्या कंपन्यांनी फॉरमॅट नाही मारला, तर आपण काहून मारायचा!

डिस्क. "अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम" येते, किंवा चालू व्हायला अर्धा तास लागते अन् हार्डडिस्कचा लाइट विझतच नाही, किंवा आतून कट् कट् आवाज येते. आधी कॅबिनेटमधली डिस्कची डेटाची अन् पॉवरची वायर काढून परत दाबून बसवा, शक्य असेल तर साटाची वायरच बदला, ती शे-दोनशेच्या आत मिळते. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसते का पाहा. दिसतच नसेल आणि दुसऱ्या मशीनला लावूनही दिसत नसेल तर डिस्क गेली. दिसत असेल पण आवाज करत असेल तर इथं घाई करू नका, रिपेअर बिपेअर काही चालवू नका, आधी डेटा बाहेर काढा. याचं कारण असं की चेकडिस्क (डिस्क तपासायची विंडोजची कमांड) खराब जागा शोधायला अख्खी डिस्क तासन्‌तास घासते, आणि मरायला टेकलेली डिस्क त्याच घासण्यात मरते. डेटा काढायला दुसऱ्या कॉम्प्युटरवर एका पेनड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट किंवा उबंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिम) तयार करा (रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर हे करून देते), त्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, इन्स्टॉल न करता ट्राय निवडा, जुनी डिस्क फोल्डरसारखी उघडते, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. डेस्कटॉप अन् डॉक्युमेंट कॉपी केलं म्हणजे झालं असं नाही. टॅलीचा डेटा फोल्डर वेगळ्या जागी असते, डाउनलोडमध्ये ग्राहकांची कागदं असतात, ब्राउजरमधले पासवर्ड असतात. डिजिटल सही मात्र त्या यूएसबी टोकनमध्येच राहते, तिची काळजी नको.

डेटा निघाला, किंवा डिस्क आवाज करत नाही नुसतीच अडकते, तर मग रिपेअरच्या मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इथं एक गंमत आहे, रिपेअरमध्ये असताना तुमचा सी ड्राइव्ह सी राहीलच असं नाही, कधी डी होते. म्हणून आधी डी आय आर, स्पेस, सी, कोलन लिहून एंटर मारा, यादीत विंडोज अन् यूजर्स दिसले तर तोच, नाहीतर डी, ई पाहा. मग चेकडिस्कसाठी सी एच के डी एस के, स्पेस, ड्राइव्हचं अक्षर, कोलन, स्पेस, स्लॅश, एफ. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ. हे फक्त हिशोब नीट करते, लवकर होते. एफच्या जागी आर लिहिलं तर खराब जागा पण शोधते, त्याला रात्रभर लागू शकते, यूपीएसचा भरोसा असेल तरच लावा.

"बूट कॉन्फिगरेशन डेटा" नाही म्हणून एरर येत असेल, ०एक्ससी००००००एफ वगैरे, तर विंडोज आहे पण तिच्या दाराचा पत्ता हरवला. लोक बूटरेक नावाच्या दुरुस्तीच्या तीन कमांडी मारतात, त्यातली फिक्सबूट नवीन यूईएफआयवाल्या (नव्या प्रकारच्या बायोसच्या) मशीनवर "ॲक्सेस इज डिनाइड" म्हणते, त्याच्यापायी डोकं फोडू नका. त्यापेक्षा बी सी डी बी ओ ओ टी, स्पेस, वर सापडलेलं ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ, विंडोज (स्पेलिंग इंग्रजीत), एंटर. "बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड" आलं की रिस्टार्ट करा.

जुन्या मशीनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून गावोगावी जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर जबरदस्तीनं विंडोज ११ टाकून देणारे निघाले. ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये काही सूचना (इन्स्ट्रक्शन) लागतात त्या कोअर टू ड्युओत नाहीतच, त्यामुळे ते मशीन त्या आवृत्तीवर उठणारच नाही, कितीही रिपेअर करा. तिथं जुनी विंडोज किंवा लिनक्स, नाहीतर दुसरं मशीन. हे तुम्हाला टाकून देणारा सांगत नाही.

एवढं सगळं करूनही उठलं नाही तर मग फॉरमॅट, माझी ना नाही. पण फिरणारी हार्डडिस्क असेल तर त्याच डिस्कवर फॉरमॅट मारण्यापेक्षा एक एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) घेऊन तिच्यावर विंडोज टाका अन् जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवा, काही राहिलं असेल तर तिच्यातून काढता येते. विंडोज १० किंवा ११ ओरिजिनल असेल तर लायसन मदरबोर्डाशी जोडलेलं असते, नेट लावलं की परत आपोआप चालू होते, वेगळे पैसे मागितले तर विचारा कशाचे. ड्रायव्हर मशीनच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्याच साइटवरून घ्या.

दुकानात द्यायचं ठरलं तर "चालू नाही होत" एवढं सांगून येऊ नका. स्क्रीनचा फोटो दाखवा, कुठल्या टप्प्यावर पडते ते सांगा, शेवटी काय टाकलं, लाइट केव्हा गेली होती ते सांगा, सोबत चार्जर न्या. आणि पावतीवर "डेटा ठेवणे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" असं त्याच्याच हातानं लिहून घ्या, दुकान ओळखीचं असलं तरी, कारण काउंटरवरचा भाऊ अन् मागे काम करणारं पोट्टं हे दोन वेगळे माणसं असतात.